अडीचचा सूर्यास्त

कार्तिकी चौमासी उलटली की काळाचौकीतील जैन घरांच्या स्वयंपाकघरांत मेथी परत येते. फाल्गुनी चौमासीपासून आठ महिने जी पालेभाजी, जो खजूर, जे तीळ आणि जो सुकामेवा अनेक घरांनी नेमाने बाजूस ठेवलेला असतो, त्या सर्वांचे पुनरागमन एकाच आठवड्यात होते. पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा खुली होते, उपाश्रयातील साधु-साध्वी विहाराला निघतात, आणि चार महिने गजबजलेला जिना एकाएकी शांत होतो. शिवडीच्या बाजूस कॉटन ग्रीनची जुनी गोदामे आहेत. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात कुलाब्याहून कापसाचा बाजार तेथे आला, तेव्हापासून हिवाळ्याची सुरुवात म्हणजे नव्या कापसाची आवक, हे समीकरण या भागातील जुन्या व्यापाऱ्यांच्या मनात पक्के बसले होते. थंडी म्हणावी तर पहाटे पंखा बंद करण्याइतकी. तरीही परळच्या फुटपाथवर स्वेटरांचे ढीग लागतात आणि लोक ते हौसेने विकत घेतात.

अशाच एका घरातील धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलीसह उत्तर फिनलंडमधील ओउलू या शहरी गेला. घराण्याचा व्यवसाय किराणा-धान्याचा, तीन पिढ्यांचा. आजोबांच्या काळात दुकानाची गिऱ्हाइके बहुतेक गिरणी कामगार होते, आणि १९८२च्या संपात त्या दुकानाच्या उधारीच्या वह्या किती जाड झाल्या, हे घरात आजही सांगितले जाते. धाकट्याने मात्र दूरसंचाराचे शिक्षण घेतले, आणि मोबाइलच्या जाळ्याची यंत्रे जेथे घडतात त्या शहराने त्याला बोलावून घेतले. ओउलू हेलसिंकीहूनही उत्तरेला सुमारे सहाशे किलोमीटर आहे. तेथून आर्क्टिक वृत्त पावणेदोनशे किलोमीटरांवर. मुंबई १९ अक्षांशावर आहे, ओउलू ६५वर. नकाशावरचा हा फरक बोटभर दिसतो, पण त्याचा खरा अर्थ त्या कुटुंबाला पहिल्या नोव्हेंबरात कळला.

१० नोव्हेंबरला तेथे सूर्य सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आतच मावळतो. महिनाअखेरीस उगवण्याची वेळ पावणेदहा आणि मावळण्याची अडीच. २१ डिसेंबरला तर साडेदहाच्या सुमारास आलेला सूर्य दोन वाजून तीन-चार मिनिटांनी निघून जातो. फिनिश भाषेत नोव्हेंबरला मर्रासकू म्हणतात. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ मृत किंवा मरणपंथाला लागलेला असा आहे. बर्फ अजून टिकत नाही, पाने केव्हाच गळालेली, पाऊस आणि हिम यांची मिसळ आकाशातून पडत राहते आणि रस्त्यावर तिचा राखाडी चिखल होतो.

आणि या घरात चोविहाराचा नेम होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. सून माहेरूनच हा नेम घेऊन आली होती, आणि सासूबाईंनी, म्हणजे घरातल्या बांनी, तो चाळीस वर्षे मोडला नव्हता. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असे, पण बापूजींचा डबा साडेपाचला गल्ल्यावर पोहोचत असे. हे काळाचौकीत कठीण नाही. वर्षभर सूर्यास्त सहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो, आणि साऱ्या दिवसाची बांधणी त्या एका खुंटीभोवती सहज होते. ओउलूत ती खुंटीच जागेवर राहीना.

पहिल्या वर्षी मुलाने व्यवहारी तोडगा काढला. “आपण मुंबईचे. मुंबईत सहाला मावळतो, तर इथल्या घड्याळाप्रमाणे सहापर्यंत जेवू.” तर्क वरवर बरा होता. परंतु सहा वाजता बाहेर साडेतीन तासांचा काळोख साचलेला असे. दिवा लावून, पडदे ओढून, मिट्ट अंधारात सूर्यास्तापूर्वीचे जेवण करायचे, यातील विसंगती सुनेला पहिल्याच दिवशी जाणवली. ती बोलली नाही. पडदे मात्र दिवसाही ओढलेले राहू लागले. बाहेर पाहून करायचे काय, अशी तिची भावना झाली. अकरा ते दोन हा जो उजेडाचा काळ, तो तिने स्वयंपाकघरात घालवला, आणि उरलेला दिवस घड्याळाकडे पाहण्यात. डिसेंबरच्या मध्यास तिने नवऱ्याला सांगितले की जानेवारीत ती मुलीला घेऊन परत जाईल. तिकिटांचे दर पाहूनही झाले. ते पहिले वर्ष कसेबसे निभावले, ते मुख्यतः मुलीच्या शाळेमुळे. मुलीला तेथे आवडू लागले होते.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका व्हिडिओ कॉलवर, सुनेने ही गोष्ट बांपुढे काढली. तक्रार म्हणून नव्हे, प्रायश्चित्त विचारावे तशी. मुलगा शेजारी बसला होता. त्याने आणखी एक मुद्दा पुढे केला. रात्रिभोजनाच्या त्यागामागे जीवदया आहे, दिव्यावर येणारे किडे-पतंग अन्नात पडतात, म्हणून ना? येथे शून्याखाली दहा अंशांत एक चिलटही उडत नाही. मग नेम कशासाठी?

बा निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, “दिसत नाहीत म्हणून जीव नाहीत, असं कुणी सांगितलं तुला? आणि किडे नसले तरी तोंड तर आहेच. त्याला थांबायला शिकवायचं, हीही अर्धी गोष्ट आहे.” मग सुनेला उद्देशून त्यांनी विचारले, “बेटा, तू जिथे उभी आहेस तिथे सूर्य किती वाजता मावळतो?” तिने सांगितले, तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. “मग तोच तुझा सूर्यास्त. मुंबईचा सूर्य तुला तिथं काय उपयोगाचा?”

हे म्हणणे सोपे, पण पाळणे किती कठीण याचा हिशेब बांनी लगेच मांडला. आयुष्यभर दुकानाचे जमाखर्च पाहिलेली बाई ती. सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, नवकारशीची. नोव्हेंबरअखेर पावणेदहाला उगवला तर साडेदहाच्या पुढे तोंड उघडायचे, अडीचला मिटायचे. खाण्यापिण्याला चार तास, आणि वीस तास कोरडे. घरे आतून तापवलेली, हवा अतिशय कोरडी. अशा हवेत पाण्याविना वीस तास काढणे शरीराला मानवणारे नाही, हे त्यांनीच प्रथम बोलून दाखवले. चोविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण घे, म्हणजे रात्री पाणी चालेल. ज्या दिवशी शक्ती नसेल त्या दिवशी तेही सोड आणि मनाला टोचून घेऊ नकोस. मुलाने निदान आठम-चौदस सांभाळावी. आणि नातीला यातले काही लावू नये. “वाढतं लेकरू आहे. तिला पाच वाजता गरम दूध आणि खिचडी द्यायची. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवील.” सुनेच्या मनावर सर्वांत मोठे ओझे या मुलीविषयीचे होते, आणि ते अशा रीतीने उतरले.

दुसऱ्या दिवसापासून पडदे उघडले गेले. उजेड केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे आता पाहणे भागच होते.

आणि मग एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. फिनलंडमधील लोक दुपारचे जेवण अकरा वाजता जेवतात. कचेऱ्यांतील भोजनगृहे साडेदहा-अकराला उघडतात आणि एकपर्यंत ओस पडतात. शाळेतही तसेच. १९४८पासून त्या देशात प्रत्येक शाळकरी मुलाला दुपारचे गरम जेवण विनामूल्य मिळते, आणि तेही अकराच्या आगेमागे. म्हणजे नवकारशी पाळून जेवायला बसणारी ही गृहिणी आणि समोरच्या दारातील फिनिश आजीबाई एकाच वेळी पानावर बसत होत्या. पहिल्या वर्षी मुंबईच्या घड्याळाने हे कुटुंब साऱ्या गावापासून तुटले होते. दुसऱ्या वर्षी नेम कडक झाला आणि गाव जवळ आले.

पानात काय वाढायचे, हा प्रश्न मात्र सुटण्याजोगा नव्हता. उत्तरेचा हिवाळा कंदमुळांवर जगतो. बटाटा, गाजर, बीट, सलगम आणि कांदा यांच्याशिवाय तेथील सूप होत नाही, आणि हे सारेच वर्ज्य. शाळेतील शाकाहारी पदार्थातही गाजर असतेच. मुलीपुरती शाळेत सवलत आणि घरी नाही, अशी तडजोड झाली. घरी कोबी, भोपळा, वाटाणा आणि राईचे पीठ. गुरुवारी वाटाण्याचे सूप करण्याची फिनिश प्रथा आहे. सुनेने ते कांद्याविना, हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर केले. डब्यात ते नेल्यावर मुलाच्या कचेरीत त्याची कृती विचारली गेली, यात नवल नाही.

खरा आनंद वेलचीने दिला. काळाचौकीच्या दुकानात वेलची काचेच्या बरणीत, गल्ल्याजवळ, मालकाच्या नजरेखाली असते. तीन हजार मैलांहून अधिक दूर, बर्फाच्या गावी, प्रत्येक बेकरीतून तोच वास येतो. फिनिश लोकांचा पुल्ला नावाचा गोड पाव वेलचीविना होतच नाही, आणि उत्तर युरोपातील देश वेलचीचे जुने व मोठे गिऱ्हाईक आहेत. पुल्लात बहुधा अंडे असते, म्हणून सुनेने तो दूध-लोण्यावर घरीच भाजला. नोव्हेंबरच्या मध्यापासून दुकानांत ग्लॉगीच्या बाटल्या येतात. द्राक्षाच्या किंवा बेरीच्या रसात दालचिनी, लवंग, वेलची घालून गरम करायचे आणि कपात बेदाणे व सोललेले बदाम टाकायचे. मद्य घातलेला प्रकार वेगळा मिळतो आणि बिनमद्याचा वेगळा, त्यामुळे लेबल वाचून घ्यावे लागते. बापूजींना फोनवर भाव सांगितला तेव्हा त्यांनी प्रथम किलोचा दर काढला आणि मग म्हणाले, “आपल्याकडचा मसाला आपल्यालाच उकळून विकतात.”

कपड्यांचे गणित निराळे. तेथील सर्वांत उबदार जाकिटांत पिसे भरलेली असतात, आणि चांगल्या बुटांना चामडे. हे दोन्ही घरात आले नाही. कृत्रिम तंतूंचे अस्तर असलेली जाकिटे आणि रबराचे, आत नमद्यासारखे अस्तर असलेले बूट शोधायला दोन शनिवार गेले. लोकरीबाबत मात्र बांनी निःशंक होकार दिला. साधुभगवंतांची कांबळ लोकरीची असते, ओघाही लोकरीचा, मग सुनेने लोकरीचा सदरा घालण्यात कसला संकोच? एक वस्तू सर्वांच्या जाकिटाला लटकते ती म्हणजे चकाकणारी परावर्तक पट्टी. अंधारात पायी चालणाऱ्याने ती लावावी असा तेथील कायदा आहे. गाडीच्या दिव्यात ती दुरून चमकते. मुलीने सिंहाच्या आकाराची निवडली. घरात शिरताना बूट दाराशीच काढायचे, ही फिनिश रीत तर काळाचौकीचीच वाटली.

ओउलू हे हिवाळ्यातील सायकलींचे गाव आहे. बर्फावरून सायकल चालवण्याविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तेथेच भरली. मोटारींच्या रस्त्यांआधी सायकलींच्या वाटांवरील बर्फ काढला जातो, आणि शाळेच्या आवारात उणे पंधरा अंशांतही सायकलींची रांग उभी असते. सून प्रथम दोनदा पडली. तिसऱ्या आठवड्यात काटेरी टायर बसवले आणि मग दुपारी एकच्या उन्हात ती बोथनियाच्या आखाताकाठी, नल्लिकरीच्या पुळणीपर्यंत जाऊ लागली. ऊन म्हणजे क्षितिजावर जेमतेम चढलेला, संत्र्याच्या रंगाचा, साऱ्या वस्तूंच्या लांबच लांब सावल्या पाडणारा प्रकाश. मुंबईत असे ऊन सकाळी दहा मिनिटे टिकते. तेथे साऱ्या दुपारभर टिकते. काठाचे पाणी गोठू लागले की पातळ बर्फ लाटेबरोबर किणकिणतो. काचेच्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते, असे तिने बांना कळवले.

व्यापारी घरातील माणसाला त्या गावाचा इतिहासही परका वाटत नाही. १९व्या शतकात ओउलू हे पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराचे जगातील एक प्रमुख बंदर होते. लाकडी जहाजे त्या डांबरावर तगत. आतल्या अरण्यातील शेतकरी ते भट्टीत काढून अरुंद, लांब होड्यांतून नदीमार्गे आणत, आणि पुष्कळदा ते आधीच ओउलूच्या व्यापाऱ्याकडे गहाण पडलेले असे. धान्य आणि मीठ उधार न्यायचे, डांबर देऊन फेडायचे. वहीतील ही रीत काळाचौकीच्या दुकानाला अपरिचित नव्हती. फिनिश शेतकऱ्यांचे जुने वर्षही हिवाळ्याच्या तोंडावर संपत असे. केक्री नावाचा तो सण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर येई. पीक घरात आलेले असे, गड्यांचा वर्षाचा करार पुरा होऊन नवा ठरे, आणि त्यांना आठवडाभराची सुटी मिळे. दिवाळीला वह्या बदलणाऱ्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास एका शनिवारी सायंकाळी लोक स्मशानभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. शेजारच्या आजीबाईंनी सुनेला आणि नातीला बरोबर नेले. पाच वाजताचा गडद अंधार, पाइनची झाडे आणि त्यांच्या बुंध्यांशी हजारो ज्योती. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. सुनेला पावापुरीच्या निर्वाणाची आणि दीपावलीची आठवण झाली, पण ती त्या वेळी बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिने आजीबाईंना मेणबत्ती कशाची असते ते विचारले. काही मेणबत्त्यांतील स्टिअरिन जनावरांच्या चरबीचे असते, काहींतील वनस्पतीचे. आजीबाईंनी चष्मा लावून डबीवरील बारीक अक्षरे वाचली. पुढच्या वेळी वनस्पतीच्या मेणाची डबी त्यांनी स्वतःच आणून दिली.

बर्फ टिकू लागला की काळोखाची जातच बदलते. रस्त्यावरच्या दिव्याचा अर्धा उजेड जमिनीकडून परत येतो. सूर्य अडीचला गेला तरी तासभर आकाश निळे राहते. हा निळेपणा मुंबईत कधी दिसत नाही, कारण तेथे सूर्य सरळ खाली जातो आणि रात्र झटकन पडते. ओउलूत तो तिरका सरकतो, रेंगाळतो. पच्चक्खाण घेऊन झालेले, भांडी घासलेली, पुढे स्वयंपाक नाही. पहिल्या वर्षी जी संध्याकाळ संपता संपत नव्हती, ती आता सामायिकाला, मुलीच्या अभ्यासाला आणि दोघांच्या चालण्याला पुरून उरू लागली. एका रात्री आकाशात हिरवट पडदा हलला. फिनिश भाषेत त्या प्रकाशाला ‘कोल्ह्याच्या ज्वाळा’ म्हणतात. मुलीने बांना दाखवण्यासाठी फोन वर धरला, पण पडद्यावर काळे चौकोन दिसले, इतकेच.

भगवान महावीरांनी दीक्षा घेतली ती हेमंतातच, आणि आचारांग सूत्रातील नववे अध्ययन त्यांच्या त्या पहिल्या हिवाळ्याविषयीही सांगते. बावीस परीषहांत शीत हा तिसरा. बांना हे सारे मुखोद्गत. तरी त्यांनी सुनेला त्याचा दाखला कधी दिला नाही. उलट त्या दर फोनवर विचारीत, “आज ऊन पडलं का? बाहेर गेलीस का?”

नोव्हेंबर जसजसा सरत गेला तसतसा नातीला एक खेळ सापडला. ती दोन्ही गावांचे सूर्यास्त वहीत लिहू लागली. हिवाळ्यात फिनलंड भारताच्या साडेतीन तास मागे असते. १० नोव्हेंबरला काळाचौकीत सूर्य सहाला मावळला, तेव्हा ओउलूत अडीच वाजले होते आणि तेथे अजून तासभर उजेड बाकी होता. मुंबईचा आकडा जवळजवळ हलत नव्हता, ओउलूचा मात्र रोज तीन-चार मिनिटांनी मागे येत होता. तिने वहीत रेघ ओढली आणि जाहीर केले की ३० नोव्हेंबरच्या आसपास दोन्ही सूर्यास्त एकाच क्षणी होणार. बापूजींनी पंचांग काढून ताळा केला. मेळ बसला.

त्या दिवशी फोन दोन्हीकडे खिडकीत ठेवले गेले. काळाचौकीच्या खिडकीतून अभ्युदय नगराच्या गच्च्यांवरील टाक्या आणि त्यांच्यामागे धुरकट तांबूस आकाश. ओउलूच्या खिडकीतून पांढरी छपरे आणि पाइनच्या शेंड्यांत अडकलेला तांबडा गोळा. बांच्या हातात पाण्याचा पेला होता, सुनेच्या हातात ग्लॉगीचा कप. नात घड्याळ पाहत मोठ्याने सेकंद मोजीत होती. दोघींनी एकदमच शेवटचा घोट घेतला, भांडी खाली ठेवली, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले, एकीने चोविहाराचे, दुसरीने तिविहाराचे.

“उद्यापासून तू माझ्या आधी,” बा म्हणाल्या. नातीने वहीत पाहून दुरुस्ती केली, “दोन मिनिटं आधी, बा. परवा चार.” मग तिला भूक लागली, आणि ती खिडकीतून उठून खिचडीकडे गेली.